मिसळणाच्या डब्यांतील घड्याळ

आमच्या मेजाजवळून जाण्याची वेळ आली, कीं घरांतील लहानथोर सर्व माणसें श्वास रोखून आणि पदर सांवरून चालतात. एरव्हीं आमच्याविषयीं घरांत एवढी आदरबुद्धि आहे अशांतला भाग नाहीं. हा मान आमचा नसून मेजावर उघडून ठेवलेल्या घड्याळाचा आहे. तिळाहूनहि लहान असा एक स्क्रू एकदां कोणाच्या तरी पदराच्या वाऱ्यानें उडाला, तेव्हां घरांतील नऊ माणसें दोन तास जमिनीवर रांगत होतीं, आणि अखेर तो आमच्याच सदऱ्याच्या घडींत सांपडला. त्या दिवसापासून आमच्या मेजाला सोंवळें लागू झालें आहे. देवघराच्या सोंवळ्यांत एक वेळ सूट मिळते. येथें मिळत नाहीं.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर मनुष्यानें काय करावें याविषयीं सल्ला देणाऱ्यांची आपल्या समाजांत वाण नाहीं. कोणीं आम्हांला पहाटे टेकडीवर जावयास सांगितलें, कोणीं ज्ञानेश्वरीचें पारायण सुचविलें, आणि आमच्या धाकट्या बंधूंनीं ‘दादा, आतां स्वस्थ बसा,’ असा सर्वांत अवघड उपदेश केला. आम्ही टेकडीवर गेलों, पारायणहि केलें. परंतु हाताला कांहींतरी काम हवें, ही हुरहूर जाईना. अशा स्थितींत एका रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत एका जुन्या कुलपाच्या शोधांत हिंडत असतां, गंजलेल्या पकडी आणि फुटक्या बरण्या यांच्यामध्यें एक खिशांतलें घड्याळ पडलेलें दिसलें. विक्रेत्यानें तें कानाशीं नेऊन हालविलें आणि ‘साहेब, आंत सगळा माल आहे,’ असें आश्वासन दिलें. आम्हीं तें विकत घेतलें. कुलूप मात्र राहून गेलें.

तें घड्याळ ‘रॉस्कॉफ’ जातीचें निघालें. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हा जर्मनींत जन्मून स्वित्झर्लंडमधील ला-शो-द-फों या गांवीं स्थायिक झालेला कारागीर. मजुरी करणाऱ्या माणसालाहि परवडेल असें चांगलें घड्याळ करावयाचें, हा त्याचा ध्यास. आणि १८६७ सालीं त्यानें तें वीस फ्रँकांना बाजारांत आणलें. त्यासाठीं त्यानें आंतील भागांची संख्या पुष्कळ कमी केली, महागड्या योजना वगळल्या आणि शोभेच्या खर्चाला रजा दिली. धंद्यांतील लोकांनीं आरंभीं नाकें मुरडलीं. परंतु पुढें त्याच्या पद्धतीचीं घड्याळें लोकांनीं डोक्यावर घेतलीं, आणि तीं व त्यांच्या नकला आपल्या बाजारांपर्यंत येऊन पोहोंचल्या. शिकाऊ माणसाला याहून चांगला गुरु नाहीं. चुकलें तरी तो फार रागावत नाहीं.

घड्याळाचें अंतरंग ज्यांनीं कधीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपण चावी देतों ती एका चपट्या डबींत गुंडाळलेल्या पोलादी पट्टीला, म्हणजे मुख्य स्प्रिंगेला. ती उलगडूं पाहते, आणि तिच्या त्या धडपडीनें एकामागून एक चक्रें फिरतात. त्यांना मोकळें सोडलें, तर दिवसभराची चावी थोड्या क्षणांत संपून जाईल. म्हणून वाटेच्या शेवटीं एक द्वारपाल बसविलेला असतो. त्याचें नांव लिव्हर. तो शेवटच्या चक्राचा एक दांता सोडतो, दुसरा अडवितो. आणि केव्हां सोडावें, केव्हां अडवावें, हें त्याला बॅलन्सचें चक्र सांगतें. तें चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगेच्या आधारानें मागें-पुढें झुलत असतें. आपण टिकटिक म्हणून जी ऐकतों, ती या द्वारपालाच्या दाराची उघडझांक होय. बहुतेक चांगल्या जुन्या घड्याळांत ही टिक सेकंदास पांच वेळां होते. म्हणजे तासांत १८,००० आणि दिवसांत ४,३२,०००. ज्या घड्याळाला आपण ‘दिवसाला मिनिटभर मागें पडतें’ म्हणून नांवें ठेवतों, तें ४,३२,००० टिकांपैकीं अवघ्या ३०० टिकांना चुकलेलें असतें. आमच्या बत्तीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं याहून कितीतरी अधिक प्रमाणांत चुका केल्या, आणि तरीहि निरोपाच्या वेळीं आम्हांला शाल व श्रीफळ मिळालें.

पहिलें घड्याळ उघडतांना अडचण आली ती अशी, कीं काढलेले भाग ठेवावयाचे कोठें? ज्या क्रमानें ते निघतात त्याच्या उलट क्रमानें ते परत बसवावयाचे असतात, आणि एका पुलाचा स्क्रू दुसऱ्या पुलाला चालेलच असें नसतें. सहा-सात लहान वाट्या एकत्र असलेलें पात्र हवें होतें. असें पात्र स्वयंपाकघरांत मिसळणाच्या डब्याच्या रूपानें तयारच होतें. आमच्या सौभाग्यवती माहेरीं गेल्याची संधि साधून आम्हीं मोहरी, जिरें, हळद व मेथ्या यांची दुसरीकडे सोय लावली आणि त्यांच्या जागीं कांटे, चक्रें, स्क्रू व स्प्रिंग यांची स्थापना केली. सौभाग्यवती दुसऱ्या दिवशीं परतल्या. त्यानंतर घरांत जें संभाषण झालें तें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. निकाल एवढाच, कीं तो डबा कायमचा आमचा झाला आणि नवा डबा आम्हीं आणून दिला. घड्याळांत मात्र पुढें कांहीं दिवस हळदीचे कण सांपडत होते.

हळूहळू घरानें या छंदासाठीं कायदेहि केले. भाग धुण्याचें पेट्रोल गच्चीवर, उघड्या हवेंत आणि विस्तवापासून दूरच वापरावयाचें, हा कायदा सूनबाईंचा. आणि तो योग्यच आहे. मेजावर मोबाईल ठेवावयाचा नाहीं, हा कायदा आमचा. कारण त्याच्या कर्ण्यांत चुंबक असतो, आणि केसासारख्या स्प्रिंगेला चुंबकत्व लागलें कीं तिचे वेढे एकमेकांना चिकटून घड्याळ वेड्यासारखें पुढें धांवूं लागतें. अंधारांत चमकणारे जुने आंकडे खरवडावयाचे नाहींत, हा तिसरा. कारण त्या रंगांत रेडियम असूं शकतें. चमक कित्येक वर्षांपूर्वींच गेलेली असली तरी रेडियम जात नाहीं. त्याचें निम्में होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात.

तेलाविषयीं तर पुष्कळ समजुती घालवाव्या लागल्या. घड्याळ अडलें कीं खोबरेलाचा थेंब सोडावा, असें आमच्या वडीलधाऱ्यांचें मत. खोबरेल थंडींत थिजतें, पुढें चिकट होतें, आणि त्यांत धूळ बसली कीं चक्रें चिखलांत रुतलेल्या बैलगाडीसारखीं जागच्या जागीं राहतात. घड्याळाचें तेल निराळें असतें, आणि तें बारीक तारेच्या टोंकावर दिसेल न दिसेल इतकेंच एका माणकाला पुरतें. या माणकांविषयींहि गैरसमज आहे. ‘१५ ज्युएल’ हे शब्द वाचून आमच्या एका आतेबहिणीनें, तीं काढून कुड्या करतां येतील का, असें विचारलें होतें. चक्रांच्या पोलादी आंसाचीं टोंकें कठीण माणकांत फिरलीं म्हणजे झीज कमी होते, एवढाच त्यांचा उपयोग. ऑगुस्त व्हर्नय या फ्रेंच शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं कृत्रिम माणकें करण्याची रीति जाहीर केली, तेव्हांपासून तीं अगदीं स्वस्त झालीं. कुड्यांचा बेत तेथेंच राहिला.

वर्षभरांत आमच्या हातून चार घड्याळें चालतीं झालीं. पांचव्याची गोष्ट सोडून द्यावी. तरीपण आमची कीर्ति नात्यागोत्यांत पसरली, आणि लग्नकार्यांत भेटणारीं माणसें ‘प्रकृति कशी आहे?’ याऐवजीं ‘आमच्याकडे एक बंद घड्याळ आहे,’ असें म्हणूं लागलीं. मनुष्य हा स्तुतीला लवकर भुलतो. आपण आतां घड्याळजी झालों, असें आम्हांला मनांतल्या मनांत वाटूं लागलें. आणि येथेंच आमची गोष्ट खऱ्या अर्थानें सुरू होते.

आमचे थोरले चुलते तात्या यांना अठ्ठ्याऐंशीवें वर्ष चालू आहे. डोळे अधू झाले असले तरी कान अजून तीक्ष्ण आहेत. एका संध्याकाळीं त्यांनीं आम्हांला आपल्या खोलींत बोलाविलें, आणि कपाटांतून पंचाच्या तुकड्यांत गुंडाळलेलें एक घड्याळ काढून आमच्या हातीं दिलें. ‘हें आबांचें. चालवून दाखव,’ एवढेंच ते म्हणाले.

आबा म्हणजे आमचे आजोबा. ते जी. आय. पी. रेल्वेंत, पुणें-सोलापूर मार्गावरच्या एका लहान स्टेशनांत स्टेशनमास्तर होते. ती रेल्वे पुढें १९५१ सालीं मध्य रेल्वेंत विलीन झाली. वेळ हा त्यांच्या नोकरीचा प्राण. आणि त्या काळीं वेळ ही वस्तु आजच्याइतकी सरळ नव्हती. १९०६ सालच्या १ जानेवारीपासून देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली खरी. परंतु मुंबई शहरांत जुनी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. त्यांतच दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, साऱ्या देशाचीं घड्याळें एक तास पुढें सारलेलीं होतीं. ‘मुंबईच्या पाहुण्याला कधीं वेळ विचारूं नये,’ असें आबा म्हणत. स्वतः ते दुसऱ्या कोणालाच वेळ विचारीत नसत. त्यांच्या कोटाच्या खिशांत हें घड्याळ असे: पांढरी तबकडी, तिच्यावर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई-कलकत्ता’ हीं इंग्रजी अक्षरें, आणि खालीं सेकंदाचा चिमुकला कांटा.

या घड्याळाविषयीं आमच्या घरांत एक कथा होती. आमच्या वडिलांनीं, म्हणजे आण्णांनीं, लहानपणीं तें पाडलें आणि त्याबद्दल आबांच्या हातचा भरपूर मार खाल्ला, ही ती कथा. खुद्द आण्णाच ती आम्हां भावंडांना सांगत. आमच्यापैकीं कोणीं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला कीं ती हटकून निघे. ‘मीं आबांचें घड्याळ पाडलें, तेव्हां काय झालें ठाऊक आहे ना?’ असें ते म्हणत, आणि आम्हांला तें तोंडपाठ असे. आण्णांना जाऊन आतां सहा वर्षें झालीं. घड्याळाचें मागचें झांकण उघडून आम्हीं भिंग डोळ्याला लावलें, तेव्हां त्या कथेचा पुरावाच पुढें आला. जुने घड्याळजी दुरुस्ती केली कीं झांकणाच्या आंतल्या बाजूस सुईनें बारीक खूण व तारीख कोरून ठेवीत. गिऱ्हाइकाच्या ती लक्षांत येत नाहीं. पुढच्या घड्याळजीला मात्र दिसते. येथें दोन अक्षरें होतीं, आणि त्यांच्यापुढें ‘११-४८’. म्हणजे १९४८ चा नोव्हेंबर. आण्णा तेव्हां आठ वर्षांचे होते. आम्हांला गहिंवरून आलें.

घड्याळ केवळ वाळलेल्या तेलानें बंद पडलें होतें. आम्हीं पद्धतशीरपणें प्रथम स्प्रिंगेचा ताण उतरविला, मग कांटे, तबकडी, बॅलन्स, लिव्हर, पूल आणि चक्रें असे एकेक भाग काढून डब्यांत ठेवले, धुतले, पुसले, आणि चार दिवसांनीं परत जोडावयास बसलों. सर्व कांहीं उत्तम जमलें. शेवटीं राहिला बॅलन्स. त्याच्या आंसाला घड्याळजी ‘स्टाफ’ म्हणतात. त्याचीं दोन्हीं टोंकें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढीं बारीक असतात. वरचा पूल ठेवल्यावर टोंक माणकाच्या भोंकांत गेलें आहे, चक्र मोकळें झुलत आहे, हें डोळ्यांनीं पाहूनच स्क्रू आवळावयाचा असतो. धक्का सोसणारी स्प्रिंगेची योजना घड्याळांत १९३० नंतरच्या दशकांत रूढ होऊं लागली. आबांचें घड्याळ त्याच्या आधींचें. त्या रात्रीं जेवणाची हांक दोनदां येऊन गेली होती. ‘आलोंच,’ असें म्हणून आम्हीं स्क्रू आवळला. एक आवाज झाला. नख काढतांना होतो त्याच्याहि निम्मा. आंसाचें टोंक तुटलें होतें.

त्या रात्रीं आम्ही नीट जेवलों नाहीं. खरी लाज पुढेंच आहे. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तात्यांनीं विचारलें, ‘काय रे, चालूं लागलें का?’ आणि आम्हीं सांगितलें, कीं तेल मागविलें आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत तेलाचा एक भाग परदेशांतून यावयाचा झाला. पुढच्या आठवड्यांत पावसाळी हवा घड्याळ उघडण्यास अनुकूल नाहीं, असा शोध लागला. तात्या प्रत्येक वेळीं ‘बरें, बरें,’ असें म्हणत. बासष्टाव्या वर्षीं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या चुलत्याशीं खोटें बोलावें, तेंहि एका तुटलेल्या पोलादाच्या कणासाठीं, हें आमचें आम्हांलाच विलक्षण वाटे; पण संध्याकाळ झाली कीं जीभ आपोआप वळे. शेवटीं सौभाग्यवतींनींच आम्हांला गांठलें. ‘अहो, मोडलें असेल तर मोडलें म्हणून सांगा. ते रोज दिवेलागणीला दाराकडे कान देऊन बसतात, तें मला पाहवत नाहीं,’ असें त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनंतर आम्ही तात्यांच्या खोलींत गेलों आणि सर्व सांगून टाकलें: घाई, आवाज, आणि तीन आठवड्यांच्या थापा.

तात्या बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, ‘आंत कांहीं लिहिलेलें आहे का?’

आम्हीं सांगितलें, ‘आहे. नोव्हेंबर अठ्ठेचाळीस. तेव्हां स्टाफ नवा घातला असावा. आण्णांनीं पाडलें तेव्हांचा.’

‘आण्णानें नाहीं पाडलें तें,’ तात्या म्हणाले. ‘मीं पाडलें.’

त्यांनीं मग जें सांगितलें तें थोडक्यांत असें. आबा गाडी सोडावयास फलाटावर गेले होते, आणि त्या दिवशीं कोट चुकून खुंटीलाच राहिला होता. गाडी खरोखर वेळेवर आहे कीं काय, हें आबांच्या घड्याळांत आपण स्वतः पाहावें, असें अकरा वर्षांच्या तात्यांच्या मनांत आलें. त्यांनीं खिशांतून घड्याळ काढलें, सांखळी खुंटीत अडकली, हिसका बसला, आणि घड्याळ शहाबादी फरशीवर पडलें. धाकट्या भावानें धांवत येऊन तें उचललें. आणि तेवढ्यांत कोट नेण्यासाठीं आबा दारांत आले. घड्याळ आण्णांच्या हातांत होतें. पुढें कांहीं विचारण्याचें आबांना कारणच वाटलें नाहीं.

‘मला वाटलें, तो सांगेल,’ तात्या म्हणाले. ‘त्याला वाटलें असेल, मी सांगेन. छड्या संपेपर्यंत दोघेहि बोललों नाहीं. मग आज सांगूं, उद्यां सांगूं, असें करतां करतां आबाच गेले. वडीलकीच्या मानानें घड्याळ माझ्याकडे आलें. मीं तें एक दिवससुद्धां खिशांत घातलें नाहीं.’ थोड्या वेळानें ते पुन्हां म्हणाले, ‘लहानपणचें जाऊं दे रे, अकरा वर्षांचा पोर भितो. पण तो तुम्हां मुलांना ती गोष्ट सांगायचा ना, मीं पाडलें म्हणून, तेव्हां मी तिथेंच वर्तमानपत्र वाचीत बसलेला असें.’

तें दृश्य आम्हांला आठवलें. तोंडापुढें धरलेलें तें वर्तमानपत्रहि आठवलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं अभिमान घरीं ठेवून, पेठेंतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींचें दुकान गांठलें. दुकान कसलें, जिन्याखालचा कोनाडाच. पण त्यांत हातानें चालविण्याचा एक लहानसा लेथ आहे. त्यांनीं भिंग लावून तुटका स्टाफ पाहिला आणि आमच्याकडे न पाहतांच म्हणाले, ‘बॅलन्स झुलतोय कीं नाहीं, तें पाहिलें नाहींत. हें पहिल्या दिवशीं शिकवतात.’ आम्हांला कोणीं शिकविलेलें नाहीं, असें आम्हीं नम्रपणें सांगितलें. ‘तें दिसतेंच आहे,’ असें ते म्हणाले. मग त्यांनीं तो स्टाफ पुन्हां भिंगाखालीं धरला आणि त्यांचा आवाज बदलला. ‘हा कारखान्यांतला नव्हे. कोणींतरी लेथवर हातानें काढलेला आहे. माणूस चांगला कारागीर होता.’ सोलापूरच्या कोणा अनामिक घड्याळजीनें पोलादाच्या तुकड्यांतून काढलेला तो आंस. आबांच्या खिशांत त्यानें कित्येक वर्षें काम केलें, आणि जेवणाच्या हांकेपायीं आम्हीं तो मोडला. पंधरा दिवसांनीं या घड्याळजींनींहि तसाच नवा आंस काढून बसविला. घड्याळ देण्यापूर्वीं त्यांनीं सुई घेतली आणि जुन्या खुणेच्या खालीं आपली खूण, महिना व वर्ष कोरलें. ‘तुम्हीं सफाई चांगली केली आहे,’ असें ते जातां जातां म्हणाले. एवढ्या शिदोरीवर आमचा छंद अद्याप तगून आहे.

यंदाच्या आण्णांच्या श्राद्धाला सर्व भावंडें, सुना व नातवंडें जमलीं होतीं. पानें वाढलीं, तेव्हां तात्यांनीं आम्हांला घड्याळ आणावयास सांगितलें व तें आपल्या पानाशेजारीं ठेवलें. तें चालत होतें. मग त्यांनीं मोजक्या शब्दांत, आवाज न चढवितां, साऱ्या मंडळींसमोर खरी हकीकत सांगितली. आमच्या लहानपणापासून ज्या गोष्टीवर आम्ही हंसत आलों, तिच्यावर त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं. मुलांनासुद्धां काय बोलावें तें सुचेना.

आई माजघराच्या दाराशीं खुर्चींत बसली होती. ती म्हणाली, ‘भावोजी, मला हें लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं ठाऊक झालें होतें. ह्यांनीं सांगितलें होतें.’

तात्यांनीं मान वर केली. ‘मग कधीं बोललां नाहींत तें?’

‘बोलूं नको म्हणाले होते. तात्याला आपण होऊन सांगायचें असेल तेव्हां सांगेल, असें म्हणाले होते.’ आणि मग सूनबाईंकडे वळून ती म्हणाली, ‘त्यांच्या पानांत खीर वाढ गं. मघांपासून वाटी रिकामी आहे.’

तात्यांनीं खीर घेतली; पण ती खाण्यास त्यांना बराच वेळ लागला.

हें लिहितांना आमच्या मनांत वरचेवर एक विचार येतो. आम्ही तीन आठवडे खोटें बोललों, आणि तें आम्हांला पेलवेना. तात्यांनीं पाऊणशें वर्षें मौन धरलें, आणि आण्णांनीं तितकाच काळ दुसऱ्याची चूक आपली म्हणून मिरविली. एकाच घरांत, एकाच पंक्तीला जेवणाऱ्या दोन भावांमध्यें ही गोष्ट होती, आणि दोघांपैकीं कोणीं तिच्यामुळें दुसऱ्याशीं बोलणें टाकलें नाहीं, कीं वांटणीच्या वेळीं ती बाहेर काढली नाहीं. एकत्र कुटुंबाची स्तुति पुष्कळ लोक करतात, आणि निंदा त्याहून अधिक लोक करतात. आम्हांला दोन्हींतलें फारसें कळत नाहीं. एवढें मात्र कळलें, कीं आण्णा वाट पाहत होते, आणि ती वाट संपण्यापूर्वींच ते गेले. घरांत कोणाला कांहीं सांगावयाचें राहिलें असेल, तर ज्याला सांगावयाचें तो समोर आहे तोंवरच सांगून टाकावें. आम्हांला हें एका तुटलेल्या स्टाफनें शिकविलें. वाचकांना तरी तें फुकट मिळावें.

आबांचें घड्याळ आतां तात्यांच्या उशाशीं असतें. रोज सकाळीं आठ वाजतां आमची नऊ वर्षांची नात त्याला चावी देते. हलक्या हातानें, पुढें जात नाहीं असें वाटलें कीं थांबून. मग ती तें तात्यांच्या कानाशीं धरते. तें दिवसाला दोन मिनिटें मागें पडतें. बॅलन्सच्या पुलावरची कळ केसभर सरकविली तर ही चूक जाईल, असें आम्हीं तात्यांना दोनदां सुचविलें. त्यांनीं दोन्हीं वेळां ‘राहूं दे,’ असें सांगितलें. झांकणाच्या आंत दोन घड्याळजींच्या खुणा आहेत. आमची तेथें नाहीं, आणि ती नाहीं हेंच योग्य आहे. आमची खूण मिसळणाच्या डब्यांत आहे. त्याच्या एका वाटींत तो तुटका स्टाफ आम्हीं जपून ठेवला आहे, आणि कोणताहि स्क्रू आवळण्यापूर्वीं एकदां तिकडे पाहावयाचें, असा नियम केला आहे. जेवणाची हांक आली तरी.